शंका-समाधान : किलीमच्या फटी आणि जबलपूरचे गालिचे

जबलपूरच्या राइट टाऊनमधून एक वाचक भगिनी लिहितात : मुलाने इस्तंबूलहून लोकरीचा हातमागाचा किलीम आणला. उजेडासमोर धरला तर जिथे रंग बदलतो तिथे उभ्या फटी दिसतात. मधोमध शिवण आहे आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंची नक्षी नीट जुळत नाही. मुलाच्या गळ्यात फाटका माल मारला का? फटी शिवून घेऊ का?

माल फाटका नाही. आणि सुई अजिबात लावू नका.

किलीमला गालिच्यासारखी लव नसते. मागावर उभा ताणा लावतात, त्यातून रंगीत लोकरीचा बाणा हाताने खाली-वर घालतात आणि जड कंगव्याने इतका ठोकतात की ताणा दिसेनासा होतो. समजा, लाल चौकोनाच्या शेजारी निळा चौकोन आहे. लाल धागा आपल्या हद्दीतल्या शेवटच्या उभ्या धाग्याला वळसा घालून मागे फिरतो. निळा त्याच्या लगतच्या धाग्यावरून मागे फिरतो. दोघे एकमेकांत अडकतच नाहीत, म्हणून मधे फट राहते. या फटीमुळेच रंगाची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ येते.

आता कड सरळ उभी ठेवली तर फट लांबत जाणार आणि कापड कमजोर होणार. म्हणून विणणारी बाई दर काही ओळींनी हद्द एखाद-दोन धागे सरकवते. तुमच्या किलीमवरचे जिने, करवतीचे दात, आकडे आणि तिरके चौकोन बहुतांशी या सरकवण्यातून आले आहेत. फटी बोटाच्या पेरभर असतील तर निर्धास्त राहा. वीतभर झालेली असेल आणि कडेचा ताणा तुटलेला असेल, तरच जाणकार रफूगाराकडे न्या.

घरात जुनी रंगीत पंजा दरी असेल तर ती शेजारी अंथरून पाहा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दोन्ही रंग एकाच उभ्या धाग्याला आळीपाळीने वळसा घालतात. तिथे फट राहत नाही, पण कड जरा दातेरी दिसते. ताणाही आपला सुती, त्यांचा बहुधा लोकरीचा. घोंगडीची तर तऱ्हाच वेगळी. तिच्यात ताणा आणि बाणा दोन्ही दिसतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. खळ दिलेल्या नव्या घोंगडीचा कडकपणा किलीममध्ये शोधू नका.

शिवणीचं म्हणाल, तर अनातोलियातल्या योरूक भटक्यांचे माग जमिनीवर आडवे मांडायचे, अरुंद, उचलून पुढच्या मुक्कामी नेता येतील असे. रुंद किलीम हवा तर दोन पट्टे एकामागून एक विणायचे आणि जोडायचे. दुसरा पट्टा विणताना पहिला समोर असेलच असं नाही, नक्षी डोक्यात असायची. जुळणीतला दोन बोटांचा फरक मला तरी आवडतो. यंत्राच्या मालात तो सापडत नाही.

गढ्याहून एक तरुण वाचक : दुकानदाराने किलीमसोबत कागद दिला. कमरेवर हात ठेवलेली आकृती ही आठ हजार वर्षांपूर्वीची मातृदेवता, मेंढ्याचं शिंग म्हणजे पौरुष, वगैरे. हे कितपत खरं?

त्या आकृतीला तुर्कीत ‘एलीबेलिंदे’ म्हणतात आणि शिंगाला ‘कोचबोयनुझू’. नावं खरी आहेत. दृष्ट लागू नये म्हणून डोळा विणतात, लांडगा कळपापासून दूर राहावा म्हणून त्याचं पाऊल विणतात, हेही तिथे सांगतात. मेंढरं राखणाऱ्या घरात लांडग्याची आठवण निघणारच.

आठ हजार वर्षांची गोष्ट मात्र बाजूला ठेवा. कोन्याजवळच्या चाताल्होयूक या तितक्याच जुन्या वस्तीत 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी उत्खनन केलं. पुढे 1989 मध्ये, तिथल्या भिंतींवर आजच्या किलीमसारखी चित्रं होती, असं त्यांनी रेखाटनं देऊन एका ग्रंथात मांडलं. या चित्रांची छायाचित्रं कुठेच नव्हती. माग जाणणाऱ्या अभ्यासकांनी तेव्हाच हरकत घेतली. हे आकार विणकामाच्या अडचणीतून जन्मतात, ते आधी भिंतीवर कसे येतील, असा त्यांचा साधा सवाल होता. मेलार्ट 2012 मध्ये वारले. 2018 मध्ये त्यांच्या लंडनच्या घरातल्या कागदांत अशा ‘भित्तिचित्रां’ची कच्ची रेखाटनं निघाली, म्हणजे ती त्यांनीच रचली होती. व्यापाऱ्यांच्या कागदावर देवी अजून ठाण मांडून आहे, कारण तिच्या नावावर दोन पैसे जास्त मिळतात.

देवीपेक्षा गाव विचारा. उशाक प्रांतातलं एश्मे, कोन्याकडचं ओब्रुक, सिवासकडचं शार्किश्ला, पूर्वेला व्हान आणि हक्कारीचे कुर्द, प्रत्येकाची लोकर, रंग आणि ठोकणी निराळी. शिवाय विणीवर जादा धागा घालून नक्षी उठवली असेल तर तो ‘जिजिम’, धागा ताण्याभोवती गुंडाळत नेला असेल तर ‘सुमाक’. दुकानदार सगळ्याला सरसकट किलीम म्हणतात.

नेपिअर टाऊनमधून एक निवृत्त गृहस्थ : आमच्याकडे पणजोबांच्या वेळचा एक गालिचा आहे, ठगांच्या शाळेत विणलेला, असं घरात सांगतात. विंडसरच्या राजवाड्यातला व्हिक्टोरिया राणीचा प्रचंड गालिचाही जबलपूरच्या ठगांनीच विणला, हे खरं ना?

शाळा खरी. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी पकडलेल्या ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांना सोडून देणं शक्य नव्हतं आणि फाशी देता येत नव्हती. त्यांना आणि त्यांच्या मुलांना काम शिकवायला 1830 च्या दशकाच्या अखेरीस जबलपुरात उद्योगशाळा निघाली. कॅप्टन ब्राऊन यांनी ती उभी केली. तिथे तंबू शिवले जायचे, दऱ्या आणि गालिचे विणले जायचे. मुलांच्या हाती गळा आवळणाऱ्या रुमालाऐवजी माग आला. सरकारी कागदांत याचं कौतुक आहे, आणि ते अगदीच अनाठायी नाही.

विंडसरचा गालिचा मात्र आपला नव्हे. वॉटर्लू दालनातला तो अखंड, सुमारे दोन टनांचा गालिचा आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणला आणि 1894 मध्ये तो तिकडे पोचला. ठगांची गोष्ट रंगतदार म्हणून तो आपल्या नावावर चढला, इतकंच.

जबलपूरच्या मालाबद्दल त्या काळच्या जाणकाराचं मत काय होतं, हे ऐकायला जरा कडू आहे. जॉर्ज बर्डवुड हा बेळगावात जन्मलेला डॉक्टर. मुंबईच्या संग्रहालयाचं काम त्याने पाहिलं होतं, म्हणजे हिंदी कारागिरीचा शत्रू नव्हे. भारतीय कलाकारागिरीवरच्या 1880 च्या ग्रंथात तो म्हणतो की, जबलपूरच्या गालिच्यांचा पाया आता इतका कमी प्रतीचा झाला आहे की जड लव त्याला पेलत नाही. त्या पायाचे तंतूही आखूड. विलायतेत पोचलेले दोन गालिचे पहिल्यांदा धूळ झटकतानाच विसविशीत होऊन पडल्याचं त्याने नोंदवलं आहे. नक्षीतलं स्थानिक वळणही चार-पाच वर्षांत गेलं, अशी त्याची तक्रार होती.

यात दोष ठगांच्या पोरांचा नव्हता. तुरुंगांना आणि शाळांना मागणी पुरवायची होती, तीही स्वस्तात. ताण्याचं सूत हलकं घेतलं, गाठी विरळ केल्या, वर भडक रासायनिक रंग. 1856 मध्ये पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत अशा रंगांनी तुर्कस्तानातही हेच केलं. मंजिष्ठाचा लाल आणि निळीचा निळा तिथेही मागे पडला. जुन्या वनस्पतिरंगांची कृती गावोगावच्या विणकरणींना पुन्हा शिकवायला 1981 मध्ये पश्चिम तुर्कस्तानात ‘दोबाग’ प्रकल्प निघाला. हाराल्ड ब्योमर या जर्मन शिक्षकाने रंगांचं रसायन तपासून तो उभा केला.

तुमचा गालिचा उलटा करा. मागच्या बाजूने गाठी मोजा, ताणा सुती की लोकरीचा ते पाहा, कडेचा धागा ओढल्यावर तुटतो का ते पाहा. शाळेचा शिक्का किंवा खरेदीचा कागद नसेल तर घरची आख्यायिका पुरावा धरू नका. गालिचा चांगला असेल तर तो ठगांशिवायही चांगलाच आहे.

जबलपूरच्याच गोरखपूरमधून दोन पत्रं एकाच विषयावर : पावसाळ्यात लोकरीला कसर लागते. कडुनिंबाचा पाला चालेल का? घरी धुऊ का?

पाल्याने अळी मरत नाही. अळी अंधारात, सोफ्याखाली, घडीच्या आत बसते आणि फक्त लोकर खाते, सुती ताणा सोडते. जुलै-ऑगस्टमध्ये किलीम गुंडाळून माळ्यावर टाकणं हीच मोठी चूक. अंथरलेला राहू द्या, पंधरवड्याने उलटा करा आणि उलट्या बाजूनेही व्हॅक्यूम फिरवा. ठेवायचाच असेल तर ऑक्टोबरात कोरडं ऊन देऊन, जुन्या धोतराच्या कापडात, घडी न घालता गुंडाळून. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. डांबरगोळ्या लोकरीला थेट टेकू देऊ नका.

धुण्याआधी पांढरा ओला फडका प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. लाल उतरला तर धुणं विसरा. नाही उतरला तर गार पाणी, रिठ्याचं पातळ पाणी, आणि सपाट वाळवण. कपड्यांची पावडर नको, तिच्यातला सोडा लोकर खातो. दोरीवर टाकलात तर ओल्या लोकरीच्या वजनाने ताणा लांबतो आणि किलीमचा आकार बिघडतो.

सदरमधून : जेवणाच्या टेबलाखाली किलीम घालावा का?

खुर्च्या सरकवणार असाल तर नको. पाय फटीत अडकतो. तिथे जाड सुती दरी घाला आणि किलीम दिवाणावर.