मोकळीक किती हवी?

प्रश्न : धुळ्याच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो. बारावीनंतर शिक्षण सुटलं. ऑनलाइन पदवी म्हणजे सवडीने अभ्यास, असं मित्र सांगतात. जमेल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : जमेल. पण अगदीच मोकळं सोडणारा अभ्यासक्रम घेऊ नका.

रात्रपाळीनंतर व्हिडिओ पाहता येतो, ही सोय खरीच. मात्र अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुमारे ४० हजार कम्युनिटी कॉलेज विद्यार्थ्यांच्या नोंदी दी शू आणि शॅना जॅगर्स यांनी तपासल्या, तेव्हा वर्गाच्या तुलनेत ऑनलाइन विषयांत कामगिरी घसरलेली दिसली. तरुण आणि आधीच कमी गुण असलेल्यांची जास्तच. मला यात बुद्धीपेक्षा टाळाटाळ दिसते. उद्या बघू म्हणता म्हणता परीक्षा दारात येते.

एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या मंचाची पद्धत मला म्हणून आवडते. १२ आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याची असाइनमेंट ठरलेल्या तारखेलाच द्यायची, पण धरतात त्यातल्या सर्वोत्तम ८. शिफ्ट बदलली, घरात लग्न निघालं, तरी चार आठवडे माफ! असाइनमेंटला २५ गुण, केंद्रावरच्या परीक्षेला ७५.

हे मात्र सुटे कोर्स. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत त्याची अभ्यासकेंद्रं आहेत. रविवारी तिथे जात राहा, सोबती मिळतात. दुसरीकडे कुठेही फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासा.