थायमिन आणि युरासिल : सिकलसेलच्या निमित्ताने

सिकलसेल आजाराविषयी वाचताना एका पुस्तकात 'जीटीजी' तर दुसऱ्यात 'जीयूजी' असे लिहिलेले आढळते. यातील बरोबर कोणते? दोन्ही. पहिले डी.एन.ए.चे आहे, दुसरे आर.एन.ए.चे.

डी.एन.ए.मध्ये ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन असे चार नायट्रोजनयुक्त बेस असतात. आर.एन.ए.मध्ये पहिले तीन तेच. थायमिनच्या जागी मात्र युरासिल असतो. (ब-१ जीवनसत्त्वाचे नावही मराठीत थायमिन असेच लिहितात, त्याचा येथे संबंध नाही.) युरासिलच्या कड्यातील पाचव्या कार्बनला मिथिल गट जोडला की तोच थायमिन होतो. दोघांचीही जोडी ॲडेनिनशीच जमते.

मग निसर्गाने हा खटाटोप कशासाठी केला? सायटोसिन हा तसा कच्चा बेस आहे. पेशीतील पाण्याशी क्रिया होऊन तो अधूनमधून आपला अमिनो गट गमावतो व त्याचा युरासिल बनतो. डी.एन.ए.मध्ये युरासिल दिसला की तो उपरा, हे पेशीतील एक विकर ओळखते व त्याला काढून टाकते. मग दुसरी विकरे तेथे पुन्हा सायटोसिन बसवितात. डी.एन.ए.मध्ये मुळातच युरासिल असता तर अस्सल कोणता आणि बिघडलेला कोणता, हे कळलेच नसते. आर.एन.ए. ही कामापुरती काढलेली नक्कल. ती लवकरच मोडली जाते, म्हणून तिला एवढी राखण लागत नाही.

पण ही राखण सगळेच बदल पकडत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात सहावा संकेत 'जीएजी' असतो. तेथे ॲडेनिनऐवजी थायमिन आला की 'जीटीजी' होतो. थायमिन हा डी.एन.ए.चा घरचाच बेस, शिवाय समोरच्या धाग्यावर त्याची जोडीही जुळलेली. त्यामुळे विकरांना काही खटकत नाही आणि बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो. आर.एन.ए.मध्ये त्याची नक्कल 'जीयूजी' अशी उतरते, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते, आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात.

मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. विदर्भातील आदिवासी व बौद्ध समाजात हे जनुक बरेच आढळते, आणि नवी मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काही कुटुंबांचे मूळ गाव तिकडचेच. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न जुळविताना पत्रिका आपण पाहत नाही. रक्ताचा हा अहवाल मात्र अवश्य पाहावा. सोल्युबिलिटी चाचणी 'एस' हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. चाचणीत कळते.