दल्लीची गाडी: शंभराच्या नोटेत दोघांची सहल

नागपूरकडचे पाहुणे भिलाईत आले की त्यांना मैत्री बागेतले पांढरे वाघ दाखवायचे, हे ठरलेलंच. माझं म्हणणं, बागेला अर्धा दिवस द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्ग किंवा मरोदा स्टेशनवरून दल्ली-राजहऱ्याची पॅसेंजर धरा. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ साली पेटला तेव्हापासून त्याचं लोहखनिज याच बाजूने येतं. भिलाई ज्या रुळांवर जगली, त्यांवरून एकदा तरी जायलाच हवं.

अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आसपास. मालगाडीला वाट द्यावी लागली तर जास्त. पॅसेंजरचं किमान भाडं फेब्रुवारी २०२४ पासून पुन्हा १० रुपये झालंय. दल्लीपर्यंत जाऊन-येऊन माणशी पन्नास रुपये धरून चाला. पाच वर्षांखालचं मूल फुकट. आरक्षणाची भानगड नाही. तिकीट मात्र आदल्या दिवशी काढून ठेवू नका: इतक्या अंतराचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. विनातिकीट सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड.

गुंडरदेहीपर्यंत भातशेती. खरी मजा बालोदनंतर. माती तांबडी होत जाते, झाडी दाटते, आणि कुसुमकसाच्या पुढे समोरून खनिजाची मालगाडी आली की डब्यामागून डबा लालभडक भुकटीचा. पांढरे कपडे घालू नका. डबा-पाणी घरूनच न्या.

दल्लीच्या खाणीत आयत्या वेळी कुणी सोडत नाही; लाल डोंगर दुरूनच बघायचे. गावातलं शहीद रुग्णालय मात्र बाहेरून का होईना, बघा. खाणमजुरांनी ते १९८३ मध्ये उभारलं. उन्हाळ्यात लहान मुलं बरोबर असतील तर बालोदलाच उतरा. तिथून रिक्षाने तांदुळा धरण. रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. भिलाईच्या कारखान्याला याही धरणाचं पाणी जातं.

२०२२ मध्ये रूळ पुढे अंतागडपर्यंत, आणखी साठेक किलोमीटर गेले. रेल्वेचं वेड असेल तरच तिथवर जा. मुलाबाळांना दल्ली पुरे.

या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. निघण्यापूर्वी रेल्वेच्या १३९ वर परतीची वेळ विचारा, मगच घराबाहेर पडा.