घटक ४ : घरच्या संगणकाचे संरक्षण – गरज आणि निवड

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
• अँटिव्हायरस कसे काम करते, हे सांगता येईल.
• संरक्षणाच्या पातळ्यांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या घरातील वापर लक्षात घेऊन योग्य पातळी निवडता येईल.
• सॉफ्टवेअरच्या मर्यादा ओळखून पूरक काळजी घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण युनिकोड आणि मराठी टंकलेखन यांचा परिचय करून घेतला. तुमचे स्वाध्याय, टिपणे आणि क्षेत्रीय अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आता तुमच्या संगणकात जमा होत असतील. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात जात्यावरच्या ओव्या सांगणारी आजी पुढच्या वर्षी भेटेलच, अशी खात्री नसते. तिचा आवाज असलेली एकमेव फाइल नष्ट झाली, तर कितीही पैसे मोजून ती परत मिळत नाही. म्हणूनच ‘कोणते अँटिव्हायरस घ्यावे?’ या प्रश्नाआधी ‘आपल्याला काय जपायचे आहे?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

४.२ विषाणू आणि त्यावरील उपाय

१९८६ मध्ये लाहोरमधील दोन भावांनी तयार केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीमार्फत जगभर पसरला. पुढे आपल्याकडेही संगणक वाढले आणि विषाणूंचा उपद्रवही वाढला. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्यापासून व्यवसायाला सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांच्याकडे दुरुस्तीसाठी विषाणूबाधित संगणक येऊ लागले. त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यावर आज्ञावली लिहिली आणि १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस आकारास आले.

या उदाहरणातून अँटिव्हायरसचे मूळ तत्त्व समजते. माहीत झालेल्या विषाणूची खूण नोंदवून ठेवायची आणि प्रत्येक फाइल त्या खुणेशी ताडून पाहायची, ही त्याची जुनी पद्धत. आजची अँटिव्हायरस याशिवाय फाइलच्या संशयास्पद वागणुकीवरही लक्ष ठेवतात. खुणांची यादी रोज बदलत असल्यामुळे अद्ययावत न केलेले अँटिव्हायरस गेल्या वर्षीच्या चोरांची छायाचित्रे घेऊन बसलेल्या पहारेकऱ्यासारखे ठरते.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वेळेत बसवली, त्यांच्या संगणकांत या त्रुटीतून शिरण्याचा मार्ग बंद झाला होता. तात्पर्य, महागड्या अँटिव्हायरसपेक्षा वेळेवर केलेले अपडेट अनेकदा अधिक उपयोगी पडते.

४.३ संरक्षणाच्या तीन पातळ्या

१) अंगभूत संरक्षण : २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हे अँटिव्हायरस विंडोजमध्येच समाविष्ट आहे. सोबत फायरवॉलही असते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र विंडोजची आवृत्ती अपडेट मिळणारी असावी. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

२) विस्तारित संरक्षण : वार्षिक शुल्काच्या या संचांत सामान्यतः फसव्या संकेतस्थळांची सूचना, बँक व्यवहारांसाठी वेगळी सुरक्षित खिडकी आणि मुलांच्या वापरावर नियंत्रण अशा सोयी मिळतात.

३) संपूर्ण संच : ‘टोटल सिक्युरिटी’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या संचांत संगणक स्वच्छ करणे, फाइलींची प्रत ठेवणे, अनेक उपकरणांना एकत्र संरक्षण देणे अशी भर असते. यांतील बरीच कामे विंडोजमध्ये किंवा स्वतःच्या हाताने करता येतात.

येथे एक सूचना लक्षात ठेवा. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नका. ती परस्परांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणी-आवृत्तीची मुदत संपली असेल, तर शुल्क भरा किंवा ती काढून टाका आणि डिफेंडर सुरू असल्याची खात्री करा.

४.४ निवड कशी करावी?

पुढील तीन घरांची कल्पना करा.

पहिले घर सेलूचे. संगणक एकच व्यक्ती वापरते. स्वाध्याय, वाचन आणि क्वचित वीजबिल भरणे, एवढेच काम. येथे अद्ययावत विंडोज आणि डिफेंडर पुरेसे आहे.

दुसरे घर हिंगणघाटचे. दोन शाळकरी मुले आणि पालक एकच संगणक वापरतात. मुले खेळ उतरवून घेतात. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह लावताच फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. येथे विस्तारित संरक्षणाचा उपयोग होईल. परंतु त्याआधी मुलांसाठी प्रशासकीय अधिकार नसलेले वेगळे खाते उघडावे आणि पेनड्राइव्ह तपासूनच उघडावा.

तिसरे घर पुलगावचे. घरातूनच कृषी केंद्राचे हिशेब चालतात. ग्राहकांची कागदपत्रे आणि बँकेचे व्यवहार याच संगणकावर आहेत. येथे नुकसान केवळ घराचे नाही, इतरांचेही होऊ शकते. म्हणून विस्तारित संरक्षण घ्यावेच, शिवाय व्यवसायाचा संगणक घरच्या वापरापासून वेगळा ठेवावा.

तिन्ही घरांत संगणकाची किंमत सारखी असू शकेल, पण गरज सारखी नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत गेलेल्यांनी गरजेपुरत्या वस्तूंचे घर पाहिले असेल. निवडीचा तोच निकष येथेही लावता येतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत अनोळखी संकेतस्थळावरून उतरवू नये. तिच्यासोबत विषाणू येण्याचा धोका असतो. युनिकोड मराठीसाठी लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच आहे.

४.५ सॉफ्टवेअर जे करू शकत नाही

तुम्ही स्वतःहून सांगितलेला ओटीपी कोणतेही अँटिव्हायरस परत आणू शकत नाही. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर आर्थिक जबाबदारी येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान मात्र बँकेला कळवेपर्यंत त्यालाच सोसावे लागते.

दुसरी मर्यादा फाइलींची. खंडणीखोर विषाणू, बिघडलेली हार्ड डिस्क किंवा चोरी, यांपैकी काहीही घडले तरी उपयोगी पडते ती वेगळ्या ठिकाणची प्रत. ती बाह्य डिस्कवर घ्या आणि काम झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवा. जोडलेली डिस्क विषाणूच्याही हाती लागते.

४.६ सारांश

संरक्षणाची पातळी जाहिरातीवरून नव्हे, तर संगणक कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि काय गमावले तर भरून येणार नाही, यावरून ठरवावी. अपडेट, वेगळी खाती आणि फाइलींची प्रत हा पाया आहे. विकतचे सॉफ्टवेअर त्यावरची भर आहे.

४.७ स्वाध्याय

१) ‘वॉनाक्राय’च्या उदाहरणावरून अपडेटचे महत्त्व स्पष्ट करा.
२) तुमच्या घरातील संगणक वरीलपैकी कोणत्या घराशी जुळतो? योग्य पातळी सुचवून कारणे लिहा.
३) उपक्रम : तुमच्या संगणकातील पुन्हा मिळू न शकणाऱ्या पाच फाइलींची यादी करा आणि आजच त्यांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.