आधी तो कॅटलॉग मिट बघू

लिलावाचा कॅटलॉग हातात आल्यापासून तुझे मेसेज वाचतेय गं. लॉटमागून लॉट, इंग्रजी आद्याक्षरांची गिचमीड आणि किमती वाचून पोटात आलेला गोळा. खरं सांगू का, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. अख्ख्या घराचा हिशोब तू तोंडपाठ ठेवतेस, भिशी चालवतेस. तुला हे जड जाणार नाही. फक्त आधी सांग, तुला नेमकं जमवायचंय काय?

‘जुनी नाणी’ हे उत्तर मला चालणार नाही. त्यात सातवाहनांपासून भोकाच्या पैशापर्यंत सगळं आलं, आणि सगळं घ्यायला गेलीस की धड काहीच जमत नाही. एक कोपरा पकड. शिवराईच घे ना. तांब्याची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांनंतरही ती पेशवाईत आणि त्यापुढे चालत राहिली, त्यामुळे अक्षरांच्या वळणात, कडेच्या ठिपक्यांत इतके प्रकार आहेत की वर्षानुवर्षं पुरतील. साधी शिवराई खिशालाही झेपते. सोन्याचा होन मात्र काचेपलीकडूनच बघ, निदान सध्या.

नाहीतर आजीच्या डब्यातले राणीछाप आणि राजाछाप रुपये आहेतच. प्रत्येक ११.६६ ग्रॅमचा, आणि १९४० आधीचा असेल तर चांगल्या चांदीचा. यात गमती बघ किती! १८६२ साल असलेला रुपया १८६२ सालीच पाडलेला असेल असं नाही. टांकसाळीने तेच साल १८७४ पर्यंत चालू ठेवलं, म्हणून जाणकार त्यावरचे बारीक ठिपके मोजत बसतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. केवढी ओरड झाली! नाणी मागे घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड आली. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया मोठा मानाचा. आणि जे मानाचं, त्याची नक्कल हमखास निघते. नवखी आहेस तोवर त्याच्या वाटेला जाऊच नकोस.

नकलेचं निघालंच आहे तर, रामदरबार किंवा हनुमान असलेलं, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ असं साल छापलेलं नाणं कुणी दाखवलं तर गोड हसून परत कर. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. देवघरात शोभेल, पण लाखांची बात नको. ‘तुमची जुनी पाचची नोट आम्ही लाखांना घेतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांचा फोन तर तिथल्या तिथे ठेव. असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण कसली फीही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय.

नोटांचं वेड लागलं तर मला फार आनंद होईल. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, म्हणून १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट आली आणि लगेच १९१८ मध्ये दोन रुपये आठ आण्यांची. अडीच रुपयांची नोट गं! त्याआधीच्या मोठ्या नोटा लोक मधून कापायचे, अर्धी आज टपालात टाकायचे आणि ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी पाठवायचे. चोराला अर्ध्या नोटेचा काय उपयोग? गोव्याच्या पोर्तुगीज रुपियांच्या नोटा हा आणखी एक देखणा कोपरा. पण नोटेत किंमत अवस्थेची असते. एकच छपाई, एकच सही, तरी कोरी नोट आणि घडी पडलेली नोट यांच्या भावात जमीन-अस्मान. म्हणून नोट उजेडासमोर धरून बघ. टाचणीची भोकं, मागून चिकटवलेला कागद, धुऊन इस्त्री केल्याची चमक, सगळं दिसतं.

ते दिसण्यासाठी लिलावाआधीच्या व्ह्यूइंगला जा. फोटोवर विसंबू नकोस. दहापट भिंग आणि पॉइंट झिरो वन ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा जवळ ठेव. काटा वापरायच्या आधी लिलाववाल्यांना विचार, कुणी नाही म्हणत नाही. नाणं नेहमी कडेने धर. आणि ती कड बघायला विसरू नकोस! आपल्या आज्ज्यांनी रुपयांना कड्या लावून माळा केल्या, कड्या काढल्या तरी डागणीची खूण उरते आणि भाव पडतो. घासलेलं नाणंही तसंच. मी एकेकाळी चिंच-मीठ लावून नाणी लखलखीत करायचे आणि वर कौतुकाने दाखवतही फिरायचे. हसून घे. तू मात्र हात लावू नकोस.

आता पैशाचं. हातोडा वीस हजारांवर पडला म्हणजे वीस हजार द्यायचे असं नाही. लिलावघराचं कमिशन असतं, त्यावर जीएसटी, मग कुरिअर. समज कमिशन १५ टक्के असलं तर तीन हजार तिथेच वाढले. म्हणून नियमावली आधी वाच आणि प्रत्येक लॉटपुढे सगळं धरून तुझा शेवटचा आकडा पेन्सिलीने नव्हे, पेनाने लिही. साडीच्या दुकानात शेजारच्या बाईने हात घातला की तीच साडी हवीशी वाटते ना, बोलीच्या वेळी अगदी तसंच होतं. धीर होत नसेल तर लेखी बोली देऊन घरी बैस. बहुतेक नाणी पुन्हा कुठल्यातरी लिलावात येतातच.

कायदाही थोडा माहीत हवा. शंभर वर्षं जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नणंदेला राणीछाप भेट द्यायचा बेत रद्द. ‘शेतात हंडा सापडला, गुपचूप घ्या’ म्हणणाऱ्याकडून तर अजिबात घेऊ नकोस. जमिनीतलं असं धन कलेक्टरला कळवायचा कायदा १८७८ पासून आहे, आणि त्यात शहाणपण आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले शिक्के उठवले होते. ती एकत्र राहिली म्हणून कोणी कोणाला हरवलं ते नाण्यांवरून वाचता आलं. हंडा चार पिशव्यांत विकला गेला असता तर?

घेतलेलं नाणं मऊ, वासाच्या प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस, हिरवट चिकटा धरतो. नोटेला लॅमिनेशन तर स्वप्नातही नको. पावत्या एका फायलीत. आणि घरी लपवाछपवी नको; एफडी मोडून नव्हे, स्वतःच्या शिलकीतून घेतेयस, तर सरळ सांग. भाव वाढतीलच असं मात्र कुणाला कबूल करू नकोस.

उद्या संध्याकाळपर्यंत मला पाच लॉटचे नंबर पाठव, पुढे तुझे आकडे लिहून. सहावा पाठवलास तर मी वाचणार नाही.