'अंगावरून वारं गेलं' म्हणजे नेमकं काय?



चौथीच्या वर्गात समानार्थी शब्द चालले होते. फळ्यावर 'पक्षाघात' लिहिलं आणि एका मुलाने विचारलं, "बाई, पक्ष्याला कुणी मारलं?" वर्ग हसला. पण पोरगं फार चुकलं नव्हतं. पक्ष म्हणजे पंख. पंख असलेला तो पक्षी. पक्ष म्हणजे बाजूसुद्धा. आघात म्हणजे तडाखा. शरीराच्या एका बाजूवर बसलेला तडाखा तो पक्षाघात. इंग्रजी 'स्ट्रोक'चा अर्थही तडाखाच!

'लकवा' अरबीतून आला. तिथे तो तोंड वाकडं होण्याचा आजार. आपण तो सगळ्या अंगाला लावला, वर्तमानपत्रांनी तर सरकारलाही: 'धोरणलकवा'.

'अर्धांगवायू'पाशी मात्र थांबावं लागलं. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं, म्हणून आजी खिडकी उघडू देत नाही."

आता हे वारं बाहेरचं नव्हेच. आयुर्वेदात शरीराची हालचाल चालवणारा तो वात किंवा वायू. तो बिघडला की हालचाल थांबते, अशी ती कल्पना. चरकसंहितेत वाताचे 80 विकार मोजलेत, त्यांत 'पक्षवध' आहे. बोलीत वायूचं वारं झालं आणि लोक खिडक्या लावू लागले.

खरं बिघडतं ते मेंदूत. रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती फुटते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून डावीकडे इजा झाली की उजवा हात-पाय लुळा पडतो. मुलांना हे उलटं गणित फार आवडतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी मेंदूचा स्कॅन करून. 'वारं गेलंय, तेल चोळा, सकाळी बघू' म्हणत घरी थांबलं तर ती वेळ निघून जाते. शब्दाचा अर्थ चुकला की असं होतं, म्हणून मी तास लांबवला.

शेवटी आम्ही वर्गात करून पाहिलं: हसून दाखव, दोन्ही हात वर धर, एक वाक्य बोल. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली आला किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108. मुलांनी हे वहीत उतरवलंय. घरी वही तपासाल तेव्हा ते पान आजी-आजोबांनाही वाचून दाखवा.