एकदा बांधावे, सर्वांस पुरवावे

गावात पिठाची गिरणी एक असते. घरोघरी गिरणी कोणी बसवीत नाही. शाळेच्या संगणक-खोलीचा कारभारही याच न्यायाने चालविता येतो. दहा यंत्रांवर तीच आज्ञावली निरनिराळी बांधावयाची आणि प्रत्येक बांधणीस तीन तास लागावयाचे, तर एकाच कामापायी यंत्रांचे तीस तास खर्ची पडतात.

युनिक्सचा पाया १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी घातला. त्या परंपरेतील फ्रीबीएसडी या प्रणालीचे उदाहरण घ्यावे. मनुष्याने लिहिलेली मूळ संहिता यंत्रभाषेत उतरविणे म्हणजे संकलन होय. ते सर्वांत सशक्त यंत्रावर पूद्रिएर या साधनाने एकदाच करावे. तयार पॅकेजे व त्यांची सूची एका कोठारात राहते. इतर यंत्रांस कोठाराचा पत्ता दिला, की ‘पीकेजी’ ही आज्ञा तेथून इष्ट पॅकेज व त्यास लागणारी पूरक पॅकेजे आणून बसविते.

येथे तीन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की प्रणालीची मुख्य आवृत्ती व प्रोसेसरचा प्रकार जुळला पाहिजे. नव्या प्रोसेसरच्या खास सोयी धरून केलेले संकलन जुन्या यंत्रावर चालत नाही; सबब सर्वांत जुन्या यंत्रास झेपेल असेच ते करावे. दुसरे, कोठार इतरांस केवळ वाचण्यापुरते खुले असावे. तिसरे, सूचीवर खासगी किल्लीने स्वाक्षरी करून सार्वजनिक किल्ली प्रत्येक यंत्रावर ठेवावी, म्हणजे वाटेत झालेला फेरफार उघड होतो. गिरणीत पिठात कच आली, तर ती साऱ्या गावाच्या भाकरीत लागते. कोठाराचेही तसेच आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएस पद्धतीने दूरच्या यंत्रावरील फाईल जवळची असल्याप्रमाणे वाचता येते. परंतु आज्ञावली थेट तेथूनच चालविल्यास सर्व्हर बंद पडताच साऱ्या वर्गाचे काम अडते. पॅकेज आपापल्या यंत्रावर बसविलेले असेल, तर कोठार बंद असतानाही पाठ चालू राहतो.

अभ्यास : (१) संकलन म्हणजे काय? (२) जुन्या यंत्राचा विचार आधी का करावा? (३) आपल्या शाळेतील यंत्रांची प्रणाली, आवृत्ती व प्रोसेसर यांचा तक्ता करा.